आळीतली सात गाणी

फरझानाबाईंनी आयुष्यात दोनच गोष्टींचा मनापासून राग केला. एक तांदळातला खडा आणि दुसरा निबंधातलं चुकलेलं विरामचिन्ह. खडा निदान दाताखाली आल्यावर कळतो, त्या वर्गात म्हणायच्या, पण स्वल्पविराम चुकला तर वाचणाऱ्याला आपण कशावर ठेचकाळलो तेही कळत नाही. रोह्याच्या शाळेत एकतीस वर्षं त्यांनी मराठी शिकवलं. मुलं पाठीमागे त्यांना ‘पूर्णविराम’ म्हणायची. हे त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

अशा बाईंच्या पहिल्यावहिल्या कथासंग्रहात चूक निघावी, तीही अवतरणचिन्हांची, आणि ती काढणारी त्यांचीच विद्यार्थिनी असावी! गुरूची विद्या गुरूलाच. दहावीला बाईंच्या हाताखालून गेलेली समीक्षा लग्न होऊन पेणला आली होती आणि एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात टायपिंगचं दुकान चालवत होती. माघी गणपती तोंडावर आलेले, त्यामुळे दुकानात हमरापूरच्या मूर्तिकारांची पत्रकं आणि मूर्तींच्या खोक्यांवर चिकटवायची लेबलं यांचा खच पडला होता. त्यातून एक खुर्ची मोकळी करून तिनं बाईंना बसवलं, चहा मागवला, आणि मग जरा चाचरतच म्हणाली, “बाई, रागावणार नसाल तर एक विचारू?”

“रागावेन म्हटलं तर थांबणार आहेस का? विचार.”

“ती हळदीची गोष्ट. त्यात तुम्ही ‘मालूचं गाणं’ अवतरणात घातलंय. सादियाचं गाणं मोकळंच सोडलंय. हौसाचं एका पानावर अवतरणात आहे, पुढच्या पानावर नाही. तुम्हीच शिकवलंत ना, गाण्याचं नाव असेल तर एकेरी अवतरण, आणि एकदा घातलं की शेवटपर्यंत घालायचं? मग सादियाचं गाणं हे गाण्याचं नाव आहे, की नुसतं सादिया म्हणायची ते गाणं?”

बाईंनी चष्मा लावला, कागद जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. पोरीचं बरोबर होतं. कागदाशी भांडून उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी प्रकाशकाशी भांडायचं ठरवलं. “आणि ही अक्षरं अशी तिरपी कोणी केली?”

“पुण्याहून तशी सूचना आलीय. गाण्यांची नावं तिरपी करा म्हणून.”

“इंग्रजीला शोभतं ते. आपली अक्षरं तिरपी केली की वाऱ्यानं आडव्या पडलेल्या भातासारखी दिसतात. सरळ कर आधी.”

“करते. त्यांचं असंही म्हणणं आहे की गाण्याला नाव नसेल तर पहिली ओळ हेच नाव धरावं.”

“सगळ्या गाण्यांची पहिली ओळ एकच आहे, गं. हळद लागली, हळद लागली. आता काय करायचं?”

समीक्षा हसली. बाईही हसल्या. पण मुद्रितं पिशवीत घालताना समीक्षानं आणखी एक शब्द काढला. “आणि बाई, शेवट तसाच ठेवायचा? नाही, मला जरा कडू वाटला.”

“कडूच आहे तो,” बाई म्हणाल्या. “शनिवारी पुण्याला पानं पाठव. त्याच्या आत मी तुला सादियाचं आणि हौसाचं सांगते.”

रोह्याच्या गाडीत त्यांना खिडकी मिळाली. बाहेर वालाची हिरवी शेतं मागे पळत होती आणि बाईंच्या मनात ती आळी उभी राहत होती. रोह्याच्या कडेला असलेली त्यांची माहेरची आळी. अर्धी घरं त्यांच्या बिरादरीची, अर्धी कुणब्यांची. बाप्ये आपापल्या कामावर. बायका मात्र सगळ्यांच्या सगळीकडे. आळीत एक रीत होती. कुठल्याही घरातल्या मुलीचं लग्न ठरलं की बायका शेतात, पाणवठ्यावर, भात कांडताना तिच्यासाठी एक नवं गाणं जुळवायच्या. ते नवरीच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. हळदीच्या दिवशी तिला पाटावर बसवलं, पहिलं बोट लागलं, की मगच ते पहिल्यांदा गायचं. त्या दिवसापासून ते गाणं त्या मुलीचं. मालूचं गाणं, सादियाचं गाणं. मुलगी नांदायला जायची, गाणं आळीत राहायचं. पुढे कोणी भात लावताना म्हणायचं, चला गो, आज हौसाचं म्हणूया, आणि हौसा तिकडे दोन लेकरांची आई होऊन बसलेली असायची.

फरझानाबाईंच्या गोष्टीत हेच सगळं होतं. गोष्टीतल्या मुलीला त्यांनी उमामा असं नाव दिलं होतं, पण उमामा म्हणजे कोण हे कळायला ज्योतिषी नको होता. चाळीस वर्षांपूर्वी त्यांचं लग्न ठरलं, आणि हळदीला तीन दिवस उरले असताना त्यांचे वडील, सईदभाय, बाजारातून येताना रस्त्यातच कोसळले ते उठलेच नाहीत. तारीख वडिलांनीच धरली होती, म्हणून आईनं ती मोडू दिली नाही. चार माणसांत निकाह झाला. हळद नाही, पाट नाही, गाणं नाही. फरझाना रोह्याच्याच दुसऱ्या टोकाला सासरी गेली, नवरा वासिफ दोन महिन्यांत कुवेतला गेला, आणि ती वह्यापुस्तकं घेऊन पुन्हा शिकायला बसली. शिकली, बाई झाली, सगळं चांगलं झालं.

पण माहेरी जायची तेव्हा एक गोष्ट तिला टोचायची. वालाच्या शेतात बायका खुडायला बसलेल्या असत, लांबून गाणं ऐकू यायचं. फरझाना बांधावर पोचली की गाणं बंद. एकदम, तोडल्यासारखं. मग “ये गो बाय, कवा आलीस” वगैरे व्हायचं, पण गाणं काही पुन्हा सुरू व्हायचं नाही. एकदा झालं, दोनदा झालं, मग तिनं मनाशी समजून घेतलं. पोरगी शिकली, परकी झाली. तिच्यासाठी गाणं जुळवायचं तर कोणाला सुचलंच नसणार, आणि आता तर तिच्यासमोर गायचीही लाज वाटते. विचारणार तरी कसं? माझ्यासाठी गाणं केलं होतंत का गो, असं कोणत्या तोंडानं विचारायचं? नाही म्हणाल्या असत्या तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं म्हणत चाळीस वर्षं गेली आणि तो सल गोष्टीत उतरला. गोष्टीतली शेवटची वाक्यं अशी होती: त्या आळीत सात मुलींची सात गाणी होती. उमामाचं नव्हतं. उमामा त्यांची नव्हतीच.

ही वाक्यं लिहिली त्या दिवशी बाईंना हलकं वाटलं होतं. आता ती छापली जाणार म्हटल्यावर मात्र तो हलकेपणा उरला नव्हता. एकदा छापलं की ते खरंच होऊन बसणार, आणि आळीतल्या त्या बायका, ज्यांनी त्यांना कडेवर घेऊन वाढवलं, त्या पुस्तकात कायमच्या कोरड्या काळजाच्या ठरणार. लिहिलं ते चूक असेल तर? आणि बरोबर असेल तर ते जास्तच वाईट. सादियाच्या आणि हौसाच्या गाण्याचं निमित्त मिळालं म्हणून त्या निघाल्या, एवढंच.

त्या सात गाण्यांची आता एकच धनीण उरली होती. काशीबाई. आळीत गाणं उचलायचं म्हणजे तिनंच. बाकीच्या मागून ओढायच्या. नवरा गेल्यावर ती मूळ गावी, खांबला, नातवाकडे राहायला गेली होती. शुक्रवारी सकाळी बाई एसटीनं हायवेला उतरल्या आणि विचारत विचारत घरी पोचल्या. नातू साईराज कंपनीत पहिल्या शिफ्टला गेलेला, नातसून आत चुलीपाशी. काशीबाई ओटीवर पाय पसरून, मोड आलेले वाल पुढ्यात घेऊन सोलत बसली होती. वय पंच्याऐंशीच्या पुढे. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण बोटं अजून झरझर चालत होती.

“कोन गो?”

“मी, काशीमावशी. फरझाना. सईदभायची.”

“अगो बाय माझे!” म्हातारीनं वालाचे हात तसेच बाईंच्या तोंडावरून फिरवले. “वाळलीस गो. जेवतेस की नुसती पोरांना शिकवतेस?”

“शाळा सुटली मावशी, तीन वर्षं झाली.”

“सुटली? मग आता कोनावर ओरडतेस?”

बाई हसत खाली बसल्या आणि वालाची परात जवळ ओढून सोलायला लागल्या. काशीबाईसमोर रिकाम्या हातानं बसायची पद्धत नव्हती. चार घरच्या चौकशा झाल्या. वासिफभायच्या गुडघ्यांची विचारपूस झाली. मग त्यांनी पिशवीतून मुद्रित काढलं आणि काम सांगितलं. पुस्तक काढतेय, त्यात आळीतली गाणी आहेत, कुठलं गाणं कुणाच्या नावाचं ते नक्की करायचंय.

“नक्की कशाला? गानी म्हंजे गानी.”

“तसं नाय मावशी. छापताना गाण्याच्या नावाला दोन्ही बाजूंना खुणा घालाव्या लागतात. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं, हे गाणं त्या मुलीच्या नावानं ओळखतात. खुणा नसल्या तर त्याला वाटेल, ती नुसती गात होती.”

काशीबाईनं थोडा विचार केला. “व्हय. बराबर हाय. गानारीन येगली नि जिचं गानं ती येगली. वाच.”

बाई वाचू लागल्या. मालूचं? “तिच्याच हळदीचं, घाल खुना.” सादियाचं? “ते तिच्या हळदीचं नाय गो, ते तिनं आजोळास्नं आनलेलं, तिला आवडायचं म्हून म्हनायची. सादियाच्या हळदीचं दुसरं, ते विहिरीचं.” बाईंनी पेन्सिलीनं दुरुस्त केलं. एवढी मोठी चूक! हौसाचं तिच्याच हळदीचं निघालं. बाकीची चार म्हातारीनं नावं ऐकताच मान हलवून पास केली. खुणा घालून झाल्या. बाईंनी पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाल्या, “झाली सात.”

“सात कशी? आठ.”

“सातच मावशी. मोजून घे.”

“अगो, आळीत माझ्या वक्ताला आठ पोरींची लगीनं झाली नि आठ गानी झाली. मी उचललीत, मला ठाव नाय? तुजं कुटं हाय त्यात?”

बाईंच्या हातातला वाल परातीत पडला.

“माझं?”

“तुजंच. तुज्या हळदीच्या आधी पंधरा दिस जुळवत होतो. तुज्या आयसनं दोन ओळी घातल्या, हौसानं येक, बाकीचं मी. लई ग्वाड झालेलं. मग सईदभाय असा गेला नि आमचा तोंडच बंद झाला.”

“मग ते... गेलंच ना?”

“जाईल कसं? गानं गायलं नाय तर मरतं. आमी वालात बसून म्हनायचो. फरझानाचं म्हना गो, फरझानाचं म्हना. पन नवरीला हळद लागल्याबिगर ऐकवायचं नाय, नि तुला हळद लागलीच नाय. तू बांधावर दिसलीस की मी सगल्यांना गप करायची. येकदा तर माहेराला आलेल्या त्या मालूचा त्वांड मी हातानं धरला.” काशीबाई दात नसलेल्या तोंडानं हसली, आणि मग हसू थांबवून म्हणाली, “तुला वाईट वाटायचं काय गो?”

फरझानाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. लाज वाटत होती, आनंद होत होता, स्वतःचाच राग येत होता, आणि यातलं आधी कशावर रडावं तेही कळत नव्हतं. चाळीस वर्षं ज्या शांततेला त्यांनी आपला अपमान मानला, तीच त्यांचं गाणं राखून ठेवत होती.

“मला सांगितलं का नाय कुणी? आईनं तरी?”

“तुज्या आयसचा जीव नवता व्हत. त्या गान्यात सईदभाय हाय.”

बाईंना एकदम शनिवार आठवला. पिशवीतला फोन काढून त्यांनी तिथूनच समीक्षाला लावला.

“समीक्षा, पानं पाठवू नकोस. शेवटची तीन वाक्यं काढून टाक.”

“तिन्ही? मग गोष्ट संपणार कशावर बाई?”

“ते मला अजून माहीत नाही. गोष्टीत वर जिथं सात गाणी लिहिलंय ना, तिथं आठ कर. आणि आठव्या नावाला अवतरण घाल. आधीच घाल, नाव मी नंतर सांगते.”

“नाव न घालता नुसतं अवतरण?” पलीकडून समीक्षाचा आवाज गोंधळला. तिच्या आयुष्यात बाईंनी असली बेशिस्त पहिल्यांदाच केली होती. “बरं बाई. जागा ठेवते.”

फोन ठेवून बाई वळल्या तोवर काशीबाईनं नातसुनेला हाक मारली होती. “गो, मिसलनाच्या डब्यातली हळद आन चिमटीभर. नि तेल.”

“मावशी, अगं माझं वय काय! एकसष्ट पूर्ण झाली.”

“म्हून काय झालं? माझ्या आधी गेलीस तर गानं कोनाला ऐकवू? नि मी आधी गेली तर तुला कोन म्हनून दावील? हात आन हिकडं.”

नातसून हळद घेऊन आली. हा काय प्रकार ते तिला कळेना, पण घरातल्या म्हातारीला प्रश्न विचारायचे नसतात एवढं ती शिकली होती. तिनं कोपऱ्यातला पाट आपणहून आणून मांडला. निवृत्त शिक्षिकेच्या थाटात आलेल्या फरझानाबाई मुकाट्यानं त्या पाटावर बसल्या. काशीबाईनं तेलात हळद कालवली, चाचपत त्यांचा हात शोधला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला एक बोट ओढलं. हळद थंड होती.

काशीबाईनं गाणं उचललं. आवाज फाटका झाला होता, वर जाताना तुटत होता, पण चाल जागेवर होती.

“हळद लागली, हळद लागली,
फरझानाच्या हाताला गो,
शेंगा भरल्या वालाच्या,
आता कोन येईल खुडायाला गो.”

चाल बाईंच्या ओळखीची होती. बांधावर पोचायच्या आधी, लांबून, तुटक तुटक ती कितीदा तरी कानावर आली होती. आपलीच चाल आपण चाळीस वर्षं ओळखत होतो आणि आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या कडव्यात नदी होती, पलीकडे सासर आणि अलीकडे माहेर. तिसऱ्यातली एक ओळ काशीबाईला आठवेना. तिनं नुसताच ठेका धरला आणि ती जागा पार केली. मग ती थांबली.

“पुडल्या कडव्यात तुजा बापूस हाय,” ती म्हणाली. “गाळू का?”

“नको,” बाई म्हणाल्या. “गा.”

“तुज्या आयसनं घातलेलं हाय ते. तवा तो जिता व्हता. ओसरीवर बसून आमच्यावरच वराडत व्हता, किती कल्ला करता गो म्हून.”

“गा मावशी.”

म्हातारीनं बाईंचा हळदीचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरला आणि हळू आवाजात, जवळजवळ बोलल्यासारखं, म्हटलं:

“सईदभाय उभा दारात गो,
लेकीच्या चपला हातात गो,
सावकास जा, बाय, सावकास जा,
मी हाय हितंच दारात गो.”

निकाहाच्या दिवशी फरझाना घरातून निघाली तेव्हा दार मोकळं होतं. तिनं त्याच्याकडे बघितलंच नव्हतं, खाली मान घालून ती भरभर बाहेर पडली होती, कारण वर बघितलं असतं तर पाय उचलला नसता. आता खांबच्या ओटीवर, एकसष्ट पूर्ण झालेली ती पाटावरून उठली नाही. “पुन्हा म्हण,” ती म्हणाली, आणि काशीबाईनं तेच कडवं पुन्हा उचललं.